आठवा थर

फोनच्या पडद्यावर ‘बाबा’ असं नाव उमटलं आणि वृंदाचा हात थबकला.

बाबांच्या टॅबवरून आईचा व्हिडिओ कॉल होता. दिसत होतं ते आईचं अर्धं कपाळ आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधला पंखा.

“नेट गेलंय गं.”

त्या टॅबमध्ये सिमकार्ड नव्हतंच. घरचं नेट गेलं असतं तर हा कॉल लागलाच नसता. वृंदा ते सांगणार होती, पण म्हणाली, “थांब. खालून सुरुवात करू.”

ही बाबांची रीत. त्यांची सारी नोकरी सरकारी नेटवर्क सांभाळण्यात गेली. ते सांगत, निरोप सात थर उतरून तारेत शिरतो आणि पलीकडे सात थर चढतो. इकडच्या प्रत्येक थराचं बोलणं पलीकडच्या त्याच थराशी. बिघाड शोधायचा तो तळापासून.

“वायर लागलीये?”

“लागलीये. हलवून पाहिली.”

“राउटरचा दिवा?”

“हिरवा. लुकलुकतोय.”

“सेटिंगमध्ये आयपी पत्त्याचे आकडे येतात?”

“आलेत की.”

“माझा आवाज तुटतोय?”

“छे. बिल्कुल स्वच्छ येतोय.”

“मग सातही थर ठीक आहेत, आई.”

“अच्छा.” आईने कॉल बंद केला नाही. कपाळ तसंच, पंखा तसाच. “म्हणजे हे म्हणायचे तेच. बिघाड आठव्या थरात.”

आठवा थर पुस्तकात नसतो. तो बाबांच्या ऑफिसातला विनोद. यंत्रात काहीच सापडलं नाही, की दोष यंत्रापुढे बसलेल्या माणसाचा. हे बोलताना बाबा हटकून आईकडे बघत, आणि आई हातातलं फडकं त्यांच्यावर भिरकावी.

वृंदा राहायची त्या मुनिरकाच्या खोलीपासून आईचं घर रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटं. बाबांच्या तेराव्यानंतर वृंदा तिकडे फिरकली नव्हती. रोज ‘जेवलीस का’ एवढं विचारून भागवत होती.

“पण एकच टोक तपासून कसं चालेल?” आईने टॅब सरळ धरला. आता तिचा पूर्ण चेहरा दिसत होता. “तुझ्याकडचा आठवा कसा आहे?”

वृंदाने तोंड उघडलं.

“हॅलो?” आई पडद्याजवळ वाकली. “वृंदा? दिसतेयस गं. ऐकू येत नाहीये काही.”