किल्लीची बॅटरी

महाडच्या बाजारात मी दोन बॅटऱ्या निवडल्या. वायरमनला दोन्ही लागतात. लांब पल्ल्याची दरीपलीकडचा खांब बघायला, आणि किल्लीला अडकवायची मीटरच्या पेटीत डोकवायला. "ही छोटी कुलपापुरतीच," दुकानदार म्हणाला, "दहा पावलांवरून दिसायची नाही."

आमच्या पोलादपूरकडच्या वाडीत एक पद्धत आहे. घरी येणारा खालच्या वळणावरून बॅटरी दोनदा लावतो. घरचं माणूस वरून दोनदा लावून उत्तर देतं आणि चहाचं आधण ठेवतं.

काल तिन्हीसांजेला वळणावर मी चुकून छोटीच दोनदा दाबली. घरून उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं.

उत्तर आलं समोरच्या डोंगरावरून. दोनदा.

मोठीचा झोत तिकडे टाकला. नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. तिकडे वस्ती नाही, वाट नाही.

घरी आलो तर आधण ठेवलेलं नव्हतं. बायकोला सांगितलं. आम्ही दोघंच राहतो. "काजवे असतील ओ," रेश्मा हसली, पण माझ्यासोबत अंगणात आली. मी किल्ल्या ओट्यावर ठेवल्या.

पुन्हा दोनदा लुकलुकलं. या वेळी डोंगरावर नाही, खाली आमच्याच वळणावर.

ओट्यावरची छोटी बॅटरी आपणहून लागली, विझली, पुन्हा लागली.

"तुमी नाय ना लावलीत?" रेश्मानं माझा हात घट्ट धरला.

मी काही बोलायच्या आत, घरात गॅसवर आधणाला उकळी फुटली.