रेवाचे बूट

हेडफोनमधून टोळीचा म्होरक्या ओरडला, "अरे, वैद्यीण पडली!" शर्वरीच्या पडद्यावर रेवा बर्फात आडवी होती. ऑनलाइन खेळातलं हे पात्र तिनं वर्षानुवर्षं लेकीसारखं वाढवलं होतं. शेवटचं औषधही रेवानं म्होरक्यालाच पाजलं होतं. या खेळात मेलेलं पात्र परत येत नाही.

कुणीतरी दोन शब्द बोलेल म्हणून शर्वरी थांबली. टोळी मात्र रेवावर तुटून पडली. कुणी झोळी ओढली, कुणी अंगरखा. म्होरक्यानं बूट काढले. "बरोब्बर बसले!" तो खिदळला. "रडू नकोस गं, नवी वैद्यीण बनव."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मेले!" शर्वरीनं हेडफोन भिरकावला.

पण संध्याकाळी घर खायला उठायचं. आठवड्यानं ती नवी वैद्यीण घेऊन त्याच टोळीत परतली. पहिल्याच लढाईत म्होरक्या किंचाळला, "औषध दे!" औषध हातात होतं. ती त्याच्या पायांतले रेवाचे बूट बघत राहिली.

तो कोसळताच सगळ्यांआधी तीच धावली, बूट उपसून पायात चढवले. "बरोब्बर बसले!" स्वतःचाच आवाज कानी पडला आणि तिनं हेडफोन ओढून काढला.