न सापडणारा हजेरीपट

"हजेरीपट आणला का?" न्यायाधीशांनी विचारलं.

महामंडळाच्या विधी अधिकारी नीतू मॅडम उठल्या, बॅग चाचपली आणि म्हणाल्या, "सर, जुन्या दफ्तरात शोध सुरू आहे. पुढची तारीख मिळावी."

मागच्या बाकावर सुकरामने कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला तोंडपाठ झालं होतं.

सुकराम अर्जुनी मोरगावकडच्या एका तलावावर पाटकरी; शेतांना पाणी सोडायचं, वेळेवर बंद करायचं. महामंडळाने त्याला कमी करायचं ठरवलं, तेव्हा युनियनने कामगार न्यायालय गाठलं. निकाल लागेपर्यंत त्याला काढू नये, असा हुकूम मिळाला. आधीच्या वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केल्याचं ठरलं तर नोकरी वाचणार. नाही तर हुकूम उठणार आणि सुकराम घरी बसणार. सगळं त्या हजेरीपटावर अडलेलं.

"तुझे दिवस पुरे हायेत, म्हणून तर लपवून राहिले ते," युनियनचे सेक्रेटरी दुर्गाप्रसाद छातीठोक सांगायचे. एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. सुकराम त्यांना देवासारखं मानायचा. धान निघालं की चिन्नोर तांदळाची पहिली पिशवी त्यांच्या घरी.

मॅडमच्या वाट्याला मात्र नुसती बोलणी. सुकरामची बायको धुरपता म्हणायची, "एक कागद गवसत नाही तिले! घरी मिठाचा डबा तरी गवसते का? काऊन ठेवली असन असी बाई नोकरीवर?"

तारखा पडत गेल्या, सुकराम पाणी सोडत राहिला, आणि निकालाआधी त्याची साठीच आली. तो कामावरून मानाने निवृत्त झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. आता काढायचा प्रश्नच उरला नाही, म्हणून पुढच्या तारखेला न्यायालयाने केस निकाली काढली.

दुर्गाप्रसाद हुकमाची नक्कल आणायला गेले. व्हरांड्यात मॅडम एकट्या उभ्या होत्या. सुकरामचं मन भरून आलं होतं, कोणावरच राग उरला नव्हता. हात जोडून तो म्हणाला, "मॅडम, पोरीचं शिक्षण झालं, लगन झालं. सगळ्याइचेच उपकार हायेत." मग राहवलं नाही म्हणून हसत विचारलं, "पण तो हजेरीपट गवसलाच नाही ना?"

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. बॅगेतून एक पिवळा पडलेला कागद काढून त्याच्या हातात दिला.

"पाहून घ्या आणि परत द्या."

कोपऱ्यात 'मिळाला' असं लिहून मॅडमची सही होती. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, केस लागली त्याच महिन्याची. सुकरामने बोटाने आपलं नाव शोधलं आणि ओळ धरून शेवटच्या रकान्यापर्यंत गेला.

एकूण दिवस: दोनशे एकतीस.