एकतीस नंबरची बरणी

एक छोटा डबा आणि जाड टॉवेल. एवढ्यासाठी एवढी मोठी पिशवी कशाला? दारावरच्या पहाऱ्यात तपासून परत दिली खरी, पण मी म्हातारीच्या मागोमागच राहिलो.

वेड्यांच्या जुन्या इस्पितळातलं हे म्युझियम. रोगट अवयव बरण्यांत भरून ठेवलेत. ती थेट एकतीस नंबरच्या मेंदूपुढे थांबली, हातातल्या इस्पितळाच्या पिवळ्या पडलेल्या कागदाशी नंबर ताडून पाहिला आणि डब्यातला दहीभात खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"आजी, हे काय चाललंय?"

"माझी ताई आहे ही. वडलांनी इथे आणून सोडली. मेल्यावर प्रेतही नेलं नाही. आज सर्वपित्री ना!"

समोरच्या कौलांवर कावळा होता. हलेना.

"तुझ्या लेकीचं लग्न मी लावून दिलं गं," ती म्हणाली. कावळा ढिम्म. "दर वर्षी तुझं पान वाढीन." तरी ढिम्म. मग पिशवी चाचपत, माझ्याकडे चोरून बघत ती पुटपुटली, "तुला घरी नेते."

माझा संशय खराच होता तर! मी दार अडवून उभा राहिलो. कावळ्याने मात्र पाठ फिरवली.

म्हातारीने पिशवीवरचा हात काढला.

"नाही नेत," शेवटी म्हणाली. "त्या घरी नाही नेत गं तुला."

कावळा झेपावला. भाताला चोच लावली.

तिने टॉवेल काढला आणि बरणीवरची धूळ पुसायला घेतली. 'हात लावू नये' ही पाटी मीच रंगवलेली. मी तोंड फिरवून कावळ्याकडे बघत राहिलो.