मरायची घाई

तुरुतुरु चालणारा डॉक्टर.

टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

गव्हाचा वास.

उशीवरून उठून परत पडणारं एक डोकं.

खुर्चीत सासरे. हाताची घडी, चेहरा दगडी.

हे सगळं एकाच वेळी, एकाच शेडमध्ये चाललं होतं. शेड सासऱ्यांची. जावयाच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं, तेव्हा मुलीच्या शब्दाखातर त्यांनी धान्याची पोती बाहेर ताडपत्रीखाली हलवली. पण तेव्हाच साफ सांगितलं होतं, "बघण्यासारखं काही असेल तर शेड तुमची. नसेल तर जावईबापू, दुसऱ्या दिवसापासून दुकानात तराजूवर बसा."

जावयाने जीव ओतून एका आईच्या मरणाचा सिनेमा काढला होता. आई झाली होती त्याची बायको, केसांना पीठ फासून. बघणाऱ्याने हुंदके द्यावेत, एवढंच त्याचं मागणं.

आणि पडद्यावर आई धावतपळत मरत होती. डॉक्टर आला, नाडी धरली न धरली, सुटला. शेजारणी टुणकन आल्या, डोळे पुसून पसार. मुलगा आईच्या पायांवर डोकं टेकत होता की खिळा ठोकत होता, कळायला मार्ग नव्हता.

प्रोजेक्टरचं हँडल जावई स्वतः फिरवत होता. हळू फिरवावं, तर दिव्याच्या धगीने फिल्म पेटणार. थांबावं, तरी तेच. घामाघूम होऊन तो आपलं वाटोळं आपल्याच हाताने फिरवत राहिला.

शेजारी कॅमेरावाला. कॅमेऱ्याचं हँडल एका गतीने फिरावं म्हणून तो शूटिंगच्या वेळी मनात बँडची चाल धरायचा. ते हँडल हळू पडलं, की पडद्यावर माणसं पळत सुटतात.

"त्या दिवशी मनात काय म्हणत होतास?" जावयाने दातओठ खात विचारलं.

"अंगाई."

"अंगाई?"

"मग काय बँड वाजवू? समोर बाई मरतेय."

बायको वडिलांच्या शेजारी बसली होती. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या मिशीकडे बघत होती.

मिशी हलली. मग खांदे. मग खुर्ची.

फिल्म संपली. दार उघडून उजेड आत घेतला, तेव्हा सासरे डोळे पुसत होते. जावयाला क्षणभर वाटलं, रडले.

"उद्या तुमच्या सासूबाईंना आणतो," सासरे कसेबसे म्हणाले. "तो डॉक्टर पळतो ना, ते परत दाखवा."

"आणि शेड?"

"शेडला काय धाड भरलीय? राहू दे तुमच्याकडे."

"पण मामा, तो रडायचा सिनेमा होता."

"असेल. मी कुठे नाही म्हणतोय?" आणि ते पुन्हा पोट धरून खाली बसले.

ती अंगाई शूटिंगच्या सकाळी कॅमेरावाल्याला जावयाच्या बायकोनेच शिकवली होती. हँडल हळू फिरलं की काय होतं, ते तिने आदल्या संध्याकाळी नवऱ्याकडूनच नीट समजून घेतलं होतं.