दुलईचा काटा

"काल किनाऱ्यावर शेपट्या छाटलेले पाकट मासे सापडले. ढीगच होता," साहेब म्हणाले. "तो राग इथं यायला वेळ लागणार नाही. आज लोक शांत झाले तर ठीक, नाहीतर संध्याकाळी दुलईला मारावं लागेल. मला दुसरा मार्ग दिसत नाही, ताई."

मत्स्यालयाच्या दाराबाहेर गर्दी काचेवर थापा मारत होती.

दुलई म्हणजे हात लावायच्या तळ्यातला पाकट मासा, चपटा, चाबकासारख्या शेपटीवर विषारी काटा असणारा. अंथरल्यासारखी वाळूवर पसरायची, म्हणून हे नाव. गावभरच्या पोरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. आणि आता जंगलदादा गेला होता. टीव्हीवर मगरींशी गप्पा मारणारा, सापांना लाडाने रागावणारा तो माणूस घराघरात आपलाच वाटायचा. उथळ पाण्यात चित्रीकरण करताना एका पाकट माशाचा काटा छातीत घुसला आणि खेळ संपला. मासा घाबरला होता, एवढंच. पण हे ऐकून कोण घेणार? शाळा बंद, दुकानादुकानात त्याचे फोटो, आणि रडून झाल्यावर लोकांना कुणावर तरी राग काढायचा होता.

"काटा कापलेलाच असतो ना हिचा?" साहेबांनी विचारलं, तेही तळ्यापासून चार हात लांब राहून.

"नखासारखा वाढतो, नखासारखा कापतो. तिला कळतही नाही. काकांनी परवाच कापलाय. बरणीत आहे."

काका म्हणजे ताईचे इथल्या कामातले जोडीदार. पाकट मासे हाताळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथली रीतही त्यांनीच पाडलेली. काटा कापला की फडताळावरच्या बरणीत टाकायचा. बरणीत काटा दिसला की तळं लोकांना खुलं. मात्र आपोआप मुळासकट गळून पडलेला काटा सरळ कचऱ्यात. "पोरांचं कसं, दुधाचा दात पडतो तेव्हा खाली पक्का दात उगवायलाच बसलेला असतो," काकांनी ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "हिचं त्याहून वाईट. हिचा जुना पडायच्या आत नवा तयार!"

परवा बातमी आली तेव्हा काका पोरासारखे रडले. त्याच संध्याकाळी काटा कापायचा होता. ताईला वाटलं, आज राहू द्यावं. पण सकाळी येऊन बघते तर खाऱ्या पाण्याने धुरकटलेल्या बरणीत काटा होता. माणसाने काम करावं तर असं, तिला भरून आलं. त्यानंतर मात्र काकांनी पाण्यात हात घातला नव्हता. लांब दांड्याच्या चिमट्याने दुलईला कोळंबी भरवायचे आणि मागे सरायचे. "मन लागत नाही गं," एवढंच बोलायचे. ताईने खोदून विचारलं नाही. आज ते शोकसभेला गेले होते.

दार उघडलं आणि गर्दी तळ्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. एकाच्या हातात लोखंडी सळई होती. ताईची नजर तिच्यावरून हलेना.

"हाच ना तो मासा?" सळईवाला म्हणाला. "बाजूला व्हा."

"हिने कुणाचं वाकडं केलं नाही, दादा. हिच्या शेपटीला काटाच नाही."

"गेल्या महिन्यात माझ्या लेकाने यात हात घातला होता," एक बाई लेकाला पोटाशी धरून म्हणाली. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुम्हाला बोलायला काय जातं? स्वतःची पोर घालाल यात?"

ताई काही बोलायच्या आत पायरीवरून आवाज आला. "आई, मी घालू हात? रोजच तर घालते."

शाळा नाही म्हणून ताईने लेकीला सोबत आणलं होतं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पाण्याची भीती नव्हती ताईला, माणसांची होती. पण आता नाही म्हटलं तर दुलई गेलीच.

"बाही वर कर," ती म्हणाली.

लेक काठावर पालथी पडली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. दुलई वाळू झटकून वर आली, तळहाताखाली सरकली. मग लेक खुदकन हसली. "गुदगुल्या होतात!"

साहेबांनी कपाळ पुसलं. सळईवाल्याने सळई भिंतीला टेकवली आणि तिथेच खाली बसून हमसून हमसून रडायला लागला. "आम्ही दर रविवारी बघायचो हो त्याला," एवढंच म्हणाला. ताईलाही रडू आलं.

त्या बाईचा लेक आईच्या मिठीतून सुटला आणि ताईच्या लेकीशेजारी पालथा पडला. त्याच्या मागोमाग आणखी पोरं आली. बघता बघता काठावर पोरांची दाटी झाली, पाण्यात इवले इवले हातच हात. दुलई अस्वस्थ होऊन गोल फिरू लागली.

"हळू हं, शेपटी धरू नका," ताई हसत म्हणाली. दोन दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

"ताई, तो काटा दाखवा सगळ्यांना," साहेब जोरात म्हणाले. आता त्यांनाही चेव आला होता. "लोकांची खात्रीच पटू दे!"

ताईने फडताळावरून बरणी आणली, ती उपडी करून काटा तळहातावर घेतला आणि दिव्याखाली उंच धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही कौतुकाने वर बघितलं.

कात्रीने कापलेला काटा बुडाशी सपाट असतो. हा मुळासकट अख्खा होता.