दोन चमचे पावडर

विजयश्रीने प्रोटीन पावडरचा डबा घेतला तर हरिओमचा फायदा होता. तयार प्रोटीनची बाटली घेतली तर त्याच्या हाती जेमतेम काही लागणार. बाटलीचं झाकण कंपनीचं, तिथे त्याचा हात शिरत नव्हता. डबे मात्र तो घरीच भरायचा. मूठभर प्रोटीन, बाकी फुटाण्याचं पीठ, वर व्हॅनिलाचा वास.

"बाटली कामून नको?" गुंडेरावांनी विचारलं. मन्नाएखेळ्ळी गावात त्यांची तूर होती आणि एकच पोर होती, विजयश्री. ती हायवेवरच्या हरिओमच्या जिममध्ये वजनं उचलायची. कलबुर्गीच्या निवड चाचणीत पास झाली तर तिला स्पोर्ट्स हॉस्टेल मिळणार होतं.

"काका, बाटलीत निम्मं पाणीच. पाण्याचे पैसे देताव व्हय?"

"मग ती घेणारे येडे हायत का?"

"त्यांना हलवायचा कंटाळा, काका. व्यायाम झाला की दोन चमचे पावडर, गार पाणी, हलवलं की झालं!"

विकतच्या पाण्याची कल्पना गुंडेरावांना सोसणारी नव्हती. डबा ठरला.

संध्याकाळी बायकांची वेळ. तेव्हा हरिओम आत पाऊल टाकत नसे, सगळं त्याची बायको रेणुका बघायची. विजयश्रीचा डबाही तिच्याच ताब्यात. डब्यासाठी पीठ चाळून देणारीही तीच. निमूटपणे चाळायची. हरिओमला वाटायचं, बायको असावी तर अशी.

दोन महिन्यांनी शाळेच्या मैदानावर त्याने पोरीला साठ किलो डोक्यावर नेताना पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

"साठ किलो उचलायलीय ती! फुटाण्यावर!" घरी येऊन तो म्हणाला.

"पोटात जायचं ते जायलंय," रेणुका चाळण आपटत म्हणाली. "तुमचं काय अडलंय?"

अडलं होतं. कलबुर्गीत पोर चक्कर येऊन पडली असती तर कुणीतरी डबा तपासायला नेला असता. पण पोर पडेना. सत्तर झाले, ऐंशी झाले. भीती हळूहळू विरघळली आणि तिच्या जागी भलतंच काही आलं. हरिओम आपल्या पिठाकडे आदराने बघू लागला. आपल्या हाताला गुण आहे, हे आजवर कळलंच कसं नाही? डब्यातलं उरलंसुरलं प्रोटीन त्याने बंद केलं. असल्या पिठात भेसळ कशाला! पहाटे पिठाच्या पिंपापुढे कापूर लावून तो स्वतः दोन चमचे पिऊ लागला. दिवसभर पोट फुगायचं. ताकद धरायलीय, असं तो समजायचा.

बाटल्यांचा तर त्याला रागच. जिममध्ये विकायला तो खोकी विकत आणी, आणि तारीख गेली म्हणून रेणुका निम्म्या काढून टाकी.

"मी म्हणलोच होतो," तो म्हणायचा, "बाटलीत काय दम न्हाई."

"न्हाईच की," ती म्हणायची.

कलबुर्गीत विजयश्रीने नव्वद किलोची दांडी खांद्यावर घेतली. मग दांडी वर गेली आणि वरच राहिली. सगळ्यात आधी उभे राहिले ते गुंडेराव, मग सगळा हॉल. हरिओमने हात जोडले. पोरीला नव्हे, पिठाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

निवड तिथेच जाहीर झाली. चार गावचे बाप हरिओमभोवती जमले. "अण्णा, तोच डबा पाहिजे!"

"पोरीच्या तोंडून ऐका," तो म्हणाला आणि विजयश्रीला ओढून पुढे आणलं. "सांग बाय, व्यायाम झाल्यावर काय प्यायचीस?"

ती त्याच्या कानाशी वाकली. "खरं सांगू? रेणुकाअक्का कुणाला सांगू नको म्हणल्यात."

"सांग की!"

"बाटली, अण्णा. रोज एक. तारीख गेली म्हणून अक्का काढायच्या ना, त्याच. तारीख कुठली गेली होती! पीठ तुमच्या म्हशीला जायचं."

पिठाचे पैसे गुंडेरावांनी दिले होते, पीठ म्हशीने खाल्लं होतं, आणि ज्या नव्वद किलोंसाठी हॉल अजून टाळ्या वाजवत होता, त्यांच्यामागच्या बाटल्यांचा एकूण एक थेंब हरिओमच्या खिशातून गेला होता.